अनग्रजिंगली: वाक्यात उपयोग करा

एका गुरुवारी माझा नवरा गेला. गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला म्हणून तो घरातून निघाला होता. पंपावर तो कोसळला. तिथल्या माणसाने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा डॉक्टर दाराशी उभे होते. गाडी पंपावर राहिली होती. ती संध्याकाळी शेजाऱ्यांनी आणून दिली.

गॅस भरायचं कारण असं की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला एका कुटुंबाला विमानतळावर सोडायचं होतं. रिटायर झाल्यापासून तो अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनमधल्या मराठी मंडळींचा जवळजवळ ठरलेला ड्रायव्हर झाला होता. भारतात निघालेल्या माणसाला बॅगा फार असतात आणि परक्याच्या गाडीत बसून देश सोडणं बरं वाटत नाही, म्हणून लोक आमच्याकडे फोन करायचे. फोन उचलल्यापासून त्याची कुरकुर सुरू व्हायची.

"पहाटेचंच विमान का घेता रे तुम्ही लोक? दिवसा उडणारी बंद झाली का?"

गाडीत बॅगा चढवताना पुढचा अध्याय. "दगड भरलेत का हिच्यात? येताना लोणचं, जाताना व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणि मधल्यामध्ये माझी कंबर!"

लोकांना सवय झाली होती. कोणीतरी एकदा म्हणालंही होतं, "काकांची कॉमेंटरी तिकिटात इन्क्लुडेड असते."

मी त्याला अरे-तुरे करायचे. नागपूरला आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो पुढे इंजिनियर झाला, मी इंग्रजी घेतलं. इथे आल्यावर मी गावच्या लायब्ररीत पुस्तकांची नोंदणी करायची नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत तीच केली. बोलायचं काम मला कधीच जमलं नाही. माझं सगळं बोलणं पुस्तकांशी, आणि घरी त्याच्याशी.

मी मराठी शाळेत शिकले. तिथे परीक्षेत एक प्रश्न हमखास असायचा: खालील शब्दांचा वाक्यात उपयोग करा. आळशी मुलं लिहायची, "दुर्मीळ हा शब्द मला आवडतो." आमच्या बाई त्यावर लाल रेघ मारायच्या. म्हणायच्या, "हे वाक्य कुठल्याही शब्दाला चालेल. फक्त याच शब्दाला चालेल असं लिही. आणि खरं लिही." ते "खरं लिही" माझ्या डोक्यात कायमचं बसलं. पुढे आयुष्यभर एखादा अनोळखी इंग्रजी शब्द भेटला की मी आमच्या घरातलं, घडलेलं वाक्य करून पाहायचे. जुन्या पुस्तकांतली क्रियाविशेषणं मला विशेष आवडायची, कारण माणूस एखादी गोष्ट करतो ती कशी करतो, हे त्या एका शब्दात सांगून टाकतात. घरात क्रिया करणारा माणूस एकच होता, त्यामुळे बहुतेक वाक्यं त्याच्यावर. कपाट पुसताना तो फडकं कसंबसं फिरवत होता तेव्हा मी "परफंक्टरिली" वापरून दाखवलं होतं. तो म्हणाला होता, "मला न विचारता मला वाक्यात घालत जाऊ नकोस."

आमची मुलगी इथेच जन्मली, आता दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असते, फिजिकल थेरपिस्ट आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र बहुधा इंग्रजीत येतं. गुरुवारी रात्रीच ती पोहोचली. दहन झालं. आपल्याकडे तेरावा दिवस मोजतात. इथे माणसांना नोकऱ्या असतात, म्हणून त्याच्या जवळचा शनिवार ठरला. कम्युनिटी सेंटरमधली खोली मिळाली. मुलगी इंग्रजीतून चार शब्द बोलणार होती. ते तिने जेवणाच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर लिहिले आणि माझ्याकडे वळवले.

"आई, एडिट कर ना. तू लायब्ररी लेडी आहेस."

मजकूर चांगला होता. मध्यावर एक वाक्य होतं: त्यांनी आपला वेळ कुटुंबाला आणि समाजाला अनग्रजिंगली दिला.

हा शब्द मी वाचला होता, पण कोणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "कुठून आणलास?" मी विचारलं.

"ऑनलाइन. ग्लॅडली खूप प्लेन वाटत होतं."

मला हसू आलं. तो गेल्यापासूनचं ते पहिलंच हसू. "बाबा आणि अनग्रजिंगली? अगं, चहाचा कपसुद्धा त्याने कधी कुरकुर केल्याशिवाय सिंकमध्ये ठेवला नाही."

ती हसली नाही. "आय नो, आई. इट्स नॉट ट्रू. पण मेमोरियलमध्ये लोक असंच बोलतात ना?" मग स्क्रीनकडे पाहतच म्हणाली, "बाबा हेटेड ड्रायव्हिंग मी. रोज सकाळी स्विमिंगला. मी मागे गॉगल्स घेऊन बसायचे आणि विचार करायचे, एकदा मला लायसन्स मिळालं की ही विल बी फ्री ऑफ मी."

तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या पाऊस आहे म्हणावं तसं ती बोलली, लॅपटॉप मिटला आणि ड्रायरमधले कपडे काढायला गेली.

मी तिथेच बसून राहिले. माझी मुलगी चाळिशीची झाली होती, आणि आपण बापाला ओझं होतो असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. शनिवारी ती सगळ्यांसमोर एक वाक्य वाचणार होती, खोटं आहे असं समजून, बापाला शेवटची भेट म्हणून. वाचून झालं की तो विषय तिच्यापुरता कायमचा मिटणार होता. मी ठरवलं की शनिवारच्या आत या शब्दाचा निकाल लावायचा. तो खोटा असेल तर काढायचा. खरा असेल तर वाचणाऱ्याला तो खरा आहे हे कळलेलं असलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोश काढले. इंग्रजी-मराठी कोशात अर्थ होते: कुरकुर न करता, खळखळ न करता, मनापासून. पहिल्या दोन अर्थांनी तो नापास होता. तिसऱ्याने कदाचित पास. मग मी इंग्रजी कोश उघडला आणि शब्दाच्या पोटातल्या "ग्रज"वर आले. मनात धरून ठेवलेला राग. आपल्याकडे त्याला अढी म्हणतात, आकस म्हणतात. त्या ओळीतलं "धरून ठेवलेला" मी पुन्हा पुन्हा वाचलं. नुसतं वाचून शब्द कळत नाही हे मला माहीत होतं. मी कागद घेतला आणि वाक्यं करायला लागले.

त्याने शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा ड्राइव्हवे अनग्रजिंगली साफ केला. खरं की खोटं? दर हिवाळ्यात बर्फावर फावडं मारताना तो मराठीत त्यांच्या तोंडावर बोलायचा, "मुलगा कुठे उलथलाय तुमचा?" त्यांना वाटायचं हा काहीतरी आशीर्वाद देतोय. त्या म्हणायच्या, "गॉड ब्लेस यू टू, डिअर." घरात येऊन बूट काढले की तो बाईंच्या गुडघ्याची चौकशी करून आलेला असायचा, ती मला सांगायचा. मुलाचा विषय दारातच संपलेला असायचा.

त्याने माझ्या आईला अनग्रजिंगली ठेवून घेतलं. माझी आई शेवटची काही वर्षं आमच्याकडे होती. तिला थंडी सोसायची नाही, थर्मोस्टॅट सतत वर. तो घाम पुसत तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा. "सासूबाई, हे घर आहे की इडलीपात्र?" आई पोथीतून डोकं वर न काढता म्हणायची, "जावईबापू, मग चटणी वाटा." आई झोपायला गेली की मी वाट पाहायचे. लग्न झालेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. माहेरचं माणूस घरात असलं की बेडरूमचं दार लागल्यावर खरं बोलणं सुरू होतं. आमच्याकडे ते कधीच झालं नाही. दार लागलं की तो क्रिकेटचा स्कोअर पाहायचा.

तिसरं वाक्य मी सोपं म्हणून घेतलं. आमच्या मंडळात एक डॉक्टर आहेत, सगळ्यांत जुने, सगळे त्यांना मानतात. त्यांच्या सांगण्यावरून माझ्या नवऱ्याने वर्षानुवर्षं गणपतीला माइक आणि स्पीकर लावले. डॉक्टरांसमोर त्याने एकदाही कुरकुर केली नाही. "हो डॉक्टर, नक्की. माय प्लेझर." मी लिहिलं: त्याने डॉक्टरांसाठी साउंड सिस्टिम अनग्रजिंगली लावली. लिहिलं आणि हात थांबला. कारण तो माइक आमच्या टेबलावर वर्षभर वाढला जायचा. भाजी वाढायला घेतली की, "थांब, डॉक्टरांना विचार. माइक चेक झालाय का?" एप्रिलमध्येसुद्धा.

मी तिन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. जिथे तो तोंडाने करवादला होता तिथे मागे काही उरलं नव्हतं. जिथे तो हसून "माय प्लेझर" म्हणाला, तिथेच अढी होती. आपल्या माणसांना तो प्लेझर वगैरे कधी म्हणालाच नाही. त्याच्या लेखी ते परक्याशी बोलायचे शब्द होते. आमच्या पिढीत बऱ्याच घरांत असंच होतं. वडील "आनंदाने सोडतो" म्हणाले असते तर मुलांना वाटलं असतं, यांना ताप आलाय. पण माझ्या मुलीच्या मैत्रिणींचे वडील "शुअर, स्वीटी" म्हणायचे. ती रोज सकाळी पूलवर त्या वडिलांना ऐकत होती आणि गाडीत याला, आणि माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी आम्ही दोघी चालायला गेलो तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. सासूबाई आणि इडलीपात्रावर ती हसली. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दॅट्स स्वीट, आई. पण तू त्यांची बायको आहेस. यू हॅव टु से दॅट."

म्हणजे मी वाक्य केलं होतं, तिने केलं नव्हतं. दुसऱ्याच्या वहीतलं उत्तर पाहून शब्द आपला होत नाही. पण मी माघार घेणार नव्हते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी माझी धाकटी बहीण पार्सिपनीहून विमानाने येणार होती. मी तिला फोनवर म्हटलं, टॅक्सी कर. ती म्हणाली, "टॅक्सीने? बहिणीच्या दारात? अशा वेळी?" फोन स्पीकरवर होता. मुलगी लगेच म्हणाली, "ऑफ कोर्स मी येते, मावशी. नो प्रॉब्लेम अ‍ॅट ऑल."

विमानाला उशीर झाला. मग बॅग आली नाही, मग आली. वाटेत मावशीला इंडियन ग्रोसरीतून हार घ्यायचा होता. हार घेतल्यावर लक्षात आलं की फोन विमानतळावरच्या खुर्चीत राहिला. दोघी परत गेल्या. घरी पोहोचेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली होती. बहीण मला मिठी मारून रडली, मग अंघोळीला गेली. मुलगी स्वयंपाकघरात आली आणि कपाटाची दारं एकामागून एक आपटायला लागली.

"काय शोधतेयस?"

"नथिंग!" मग आवाज खाली घेऊन, "हू डज दॅट, आई? विमानतळावर परत गेलो आम्ही! आणि सगळा वेळ मला सांगत होती की मी फास्ट चालवते. माझ्या नवऱ्याला सांगणार आहे मी हे. थँक्सगिव्हिंगला पण सांगणार आहे. आय अ‍ॅम नेव्हर गोइंग टु फर्गेट धिस."

"तिला काही बोललीस?"

"नो! ती मावशी आहे. नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम, असंच म्हणत होते."

मी चहाचं आधण ठेवलं. मग आमच्या बाईंचा सूर काढून इंग्रजीत म्हटलं, "कम्प्लीट द सेंटेन्स. माय डॉटर ब्रॉट हर आंट होम फ्रॉम द एअरपोर्ट..."

ती माझ्याकडे वळली. "ओ माय गॉड."

"अनग्रजिंगली. खरं की खोटं?"

"दॅट्स नॉट फेअर, आई."

"खरं की खोटं?"

"खोटं." तिने कपाटाचं दार हळू लावलं.

"बाबा गेला असता आणायला, तर?"

तिला विचार करावा लागला नाही. त्याचा सूर तिला पाठ होता. भुवया चढवून, चक्क मराठीत म्हणाली, "'काय हो मेहुणीबाई, फोन विसरलात. डोकं तरी आणलंय ना बरोबर?'"

आम्ही दोघी हसलो.

"आणि मग?"

"मग गाडी वळवली असती."

"आणि घरी येऊन मला काय सांगितलं असतं?"

ते तिला माहीत नव्हतं. गाडीत ती असायची. गाडी गॅरेजमध्ये लागल्यानंतरच्या स्वयंपाकघरात ती कधी नव्हती. तिथे फक्त मी होते.

"काय सांगितलं असतं?" तिनेच मला विचारलं.

"काही नाही. चहा मागितला असता."

ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मला पूलवर सोडून आल्यावर?"

हे तिने आयुष्यात मला पहिल्यांदा विचारलं होतं. मी गोड करून सांगायचं नाही असं ठरवलं, कारण मग पुन्हा तिने खांद्यावर हात ठेवला असता. मला जे आठवत होतं तेवढंच सांगितलं. "टोपी दिली होतीस का तिला, ओल्या केसांनी शाळेत जाईल, असं विचारायचा. कधी म्हणायचा, आज वळताना चांगली ढकलली तिने भिंत. कधी काहीच नाही, पेपर उघडायचा. गाडी चालवण्याबद्दल मात्र एक शब्द नाही. एकदाही नाही. जे काय होतं ते तुझ्यासमोर बोलून तिथेच टाकून यायचा."

"भिंत ढकललेली दिसायला पूलच्या आत यावं लागतं," ती म्हणाली. "वर, बाकांवर."

"असेल. ते मला माहीत नाही."

तेवढ्यात बहीण केसांना पंचा गुंडाळून आली. "चहा टाकलाय की नुसत्याच बोलताय?"

मुलगी उठली, कप काढला, आणि मावशीच्या हातात देता देता मराठीत म्हणाली, "घे. आणि आता फोन पदराला बांधून ठेव. परत गेलीस विसरून तर चालत जायचं."

माझ्या बहिणीचा चेहरा उजळला. "बापावर गेलीय गं बाई ही," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मुलीने लॅपटॉप उघडला. मी बघायला गेले नाही.

शनिवारी खोली भरली होती. डॉक्टर सगळ्यांत आधी बोलले. माइक त्यांच्या हातात शिट्टी मारत होता. तो नीट लावणारं आता कोणी नव्हतं. ते म्हणाले, "अत्यंत शांत स्वभाव. कधी कुणाला एक उणा शब्द बोलले नाहीत." लोकांनी माना खाली घालून हो म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल आपण असंच बोलतो, आणि डॉक्टरांच्या अनुभवापुरतं ते बरोबरच होतं.

मग मुलगी उभी राहिली. माइक तिने बाजूला ठेवला. मध्यावर आल्यावर तिने कागदावरून नजर काढली.

"माय फादर कम्प्लेन्ड अबाउट एव्हरी राइड ही एव्हर गेव्ह मी," ती म्हणाली. "ही गेव्ह देम अनग्रजिंगली. आय यूज्ड टु थिंक बोथ कुडन्ट बी ट्रू."

पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. पोरगी असं बोलली याचं मला वाईट वाटलं का, हे त्या पाहत होत्या. डॉक्टरांनी घसा साफ केला. मागच्या बाजूला एक तरुण माणूस एकदम हसला आणि त्याने तोंडावर हात घेतला. मग त्याच्या शेजारची बायको हसली. मग विमानतळावर कधी ना कधी आमच्या गाडीतून गेलेली ती अख्खी रांग हसायला लागली, आणि त्यातल्या काहींना रडू आलं.

शेजारी बसलेले एक काका माझ्याकडे झुकले. "वहिनी, तो शब्द कुठला हो? अनग्रजिंगली म्हणजे नक्की काय?"

"मनात काही न ठेवता," मी म्हटलं. कोशात तेवढं नेमकं लिहिलेलं नाही, पण माझ्याजवळ आता त्याची पुष्कळ वाक्यं होती.

चहाच्या वेळी तो तरुण माणूस माझ्याकडे आला. माझा नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ज्या कुटुंबाला सोडायचं होतं, ते या तरुणाचं होतं. ते लोक गेलेच नव्हते. त्यांनी तिकिटं पुढे ढकलली होती. "काकू, आदल्या दिवशी फोनवर मला म्हणाले होते, 'टर्मिनलपर्यंत सोडीन, पण बॅगांना हात लावणार नाही, सांगून ठेवतो.'"

"उचलल्या असत्या," मी म्हटलं.

"माहीत आहे, काकू."

मुलगी पुढच्या बुधवारी अल्फारेटाला परत गेली. घरात आता मी एकटी असते. मी लवकर उठते, वाचते, दुपारी चालून येते. रविवारी तिचा फोन येतो. आम्ही त्याच्याबद्दल बोलतो, आणि आता दोघी एकाच माणसाबद्दल बोलतो.